खोली सांगणारे यंत्र आणि चरात उतरणारा माणूस

शाळेच्या स्मरणिकेत पोकलेन यंत्राविषयीचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. त्यांनी आपल्या परिसराकडे एकदा नजर टाकावी, एवढीच आमची विनंती आहे. ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग आपल्या सिंदखेड राजा तालुक्यातून गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याच्या नागपूर ते शिर्डी या टप्प्याचे लोकार्पण झाले आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे या अखेरच्या टप्प्याचे. जिल्ह्यातील तलाव व नाले यंत्रांनी खोल करून त्यांतील माती-मुरूम रस्त्यांच्या भरावासाठी वापरण्याची पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने देशभर ओळखली गेली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमुळे गावोगाव जलवाहिन्यांचे चर खोदले गेले. शेततळ्यांची कामे तर चालूच असतात.

या सर्व कामांत आपली माणसे आहेत. वसतिगृहात राहून शिकलेले काही विद्यार्थी आज पोकलेनच्या केबिनमध्ये बसतात, काही कामावर पर्यवेक्षक आहेत, काहींनी स्वतःची यंत्रे घेतली आहेत. दुसरीकडे, आज आपल्या शाळेत शिकणाऱ्या कित्येक मुलांचे आईवडील त्याच कामावर चराच्या तळाशी फावडे घेऊन उभे असतात. यंत्राच्या दोन्ही टोकांना आपलीच माणसे असल्यामुळे यंत्र सुरक्षितपणे कसे वापरावे, हा आमच्या दृष्टीने शिक्षणाचाच विषय ठरतो. खोदकामाची खोली केबिनमधील पडद्यावर दाखवणारी संवेदकांची म्हणजे सेन्सरची यंत्रणा अलीकडे या यंत्रांवर बसवली जाऊ लागली आहे. ती काय करते, कोठे चुकते आणि तिच्यावर किती विसंबावे, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

इतिहास काय सांगतो?

मातीखाली व दगडाखाली गाडले जाणे ही श्रमिकांच्या इतिहासातील फार जुनी गोष्ट आहे. संत चोखामेळा यांचे जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या मेहुणा राजा गावाकडे बोट दाखवते, ते आपल्या शेजारच्या देऊळगाव राजा तालुक्यात आहे. खडकपूर्णा प्रकल्पाच्या जलाशयाला त्यांच्याच नावावरून संत चोखा सागर म्हणतात. परंपरेनुसार इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि तेथे वेठीने राबणाऱ्या मजुरांसह चोखोबा त्याखाली गाडले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत नंदनार व रविदास यांच्यासह चोखामेळा आहेत.

अलीकडची घटना आपल्या डोळ्यांसमोरची आहे. २० ऑगस्ट २०२१ रोजी दुसरबीड परिसरातील तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरील एक टिप्पर उलटला. त्यात लोखंडी सळया होत्या आणि मजूरही होते. १३ मजुरांचा मृत्यू झाला. पोटासाठी दूरच्या प्रांतांतून ते येथे आले होते.

मंगळवेढ्याचे कूस आणि तढेगावचा टिप्पर यांच्यात जवळजवळ सात शतकांचे अंतर असले, तरी दोहोंचे कारण एका वाक्यात सांगता येते. माणूस आणि त्याला चिरडू शकेल असा भार एकाच जागी ठेवला गेला. खोदकामाच्या सुरक्षिततेचे सारे नियम माणूस व भार यांना वेगळे ठेवण्यासाठीच आहेत. सेन्सरच्या यंत्रणेचे मोलही आम्ही याच कसोटीवर तपासणार आहोत.

पोकलेन, गज आणि मोजणारा माणूस

‘पोकलेन’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. मुळात ते एका फ्रेंच कंपनीचे नाव असून तिने १९५१ साली तेलदाबावर चालणारे आपले पहिले खोदयंत्र तयार केले. भारतात लार्सन अँड टुब्रो कंपनी त्या बनावटीची यंत्रे करीत असे. त्यामुळे पुढे कोणत्याही कंपनीचे साखळीपट्ट्यांवर चालणारे खोदयंत्र आपल्याकडे पोकलेनच म्हटले जाऊ लागले. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज उद्योजकाच्या नावाची आद्याक्षरे ‘जेसीबी’ अशी आपल्या तोंडी बसली, त्यातलाच हा प्रकार.

यंत्राची ताकद वाढली, तरी खोली मोजण्याची रीत बराच काळ जुनीच राहिली. ऑपरेटर केबिनमध्ये बसतो; चराचा तळ त्याला बहुधा दिसत नाही. म्हणून हेल्पर चरात उतरतो, गज किंवा मोजपट्टी उभी धरतो आणि वरचा माणूस लेव्हल यंत्रातून वाचन घेतो. ‘अजून एक वीत’, ‘बस’ असे हातवारे होतात. हेल्पर बाजूला सरकतो आणि बकेट पुन्हा खाली येते. दिवसातून अशा कित्येक खेपा होतात. प्रत्येक खेपेला एक माणूस ढासळू शकणाऱ्या भिंतींच्या मध्ये व लोंबत्या बकेटच्या खाली उभा असतो. संध्याकाळी सगळेच थकलेले असतात. एखादा इशारा चुकला, तर पुढे काय होते हे सांगण्याची गरज नाही.

सेन्सरच्या यंत्रणेची खरी उपयुक्तता येथे आहे. तिच्यामुळे काम वेगाने होते आणि डिझेल वाचते, असे विक्रेते सांगतात. ते खरेही असेल. परंतु मोजण्यासाठी माणसाला वारंवार चरात उतरावे लागत नाही, ही बाब आम्हांला या सर्वांहून मोठी वाटते.

खोली कशी कळते?

ही यंत्रणा समजण्यासाठी दहावीची त्रिकोणमिती पुरेशी आहे. पोकलेनच्या हाताचे तीन भाग असतात. केबिनजवळचा मोठा भाग म्हणजे बूम, त्यापुढचा आर्म आणि टोकाला बकेट. या तिन्हींवर एकेक सेन्सर बसवतात. चौथा यंत्राच्या अंगावर असतो. यंत्र स्वतः किती कलले आहे, हे तो सांगतो.

प्रत्येक सेन्सर आपापल्या भागाचा कोन मोजतो. गवंड्याचा ओळंबा जसा नेहमी पृथ्वीच्या दिशेने लोंबतो, तशीच गुरुत्वाकर्षणाची दिशा सेन्सरमधील सूक्ष्म घटक ओळखतात. एका अर्थाने प्रत्येक डबीत एक ओळंबाच बसवलेला असतो. हात वेगाने हलत असताना हा ओळंबा झोके खाऊ नये म्हणून सोबत फिरण्याची गती मोजणारा घटकही असतो. तरीही बकेट क्षणभर स्थिर करून मग आकडा वाचणे चांगले.

आता एक उदाहरण घेऊ. साधारण वीस टनी पोकलेनचा आर्म २.९ मीटर लांब असतो. तो सरळ उभा लोंबत असेल, तर त्याचे टोक त्याच्या वरच्या सांध्यापासून २.९ मीटर खाली असते. तोच उभ्या रेषेपासून ३० अंशांनी तिरपा झाला, तर २.९ ला ३० अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.८६६ ने, गुणावे लागते. उत्तर २.५१ मीटर येते. केवळ कोन बदलल्याने टोक ३९ सेंटीमीटर वर आले. असाच हिशेब बूम व बकेट यांचा करून, त्यात यंत्राचा कल मिळवून, बकेटच्या दातांचे टोक नेमके कोठे आहे हे संगणक दर क्षणाला काढतो आणि पडद्यावर दाखवतो. ‘त्रिकोणमिती पुढे कोठे उपयोगी पडते?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना याहून चांगले उत्तर आमच्यापाशी नाही.

यंत्रणेचे दोन प्रकार आहेत. साध्या प्रकारात ऑपरेटर बकेटचे दात एका ठरलेल्या खुणेवर टेकवून ‘येथे शून्य’ असे यंत्रणेला सांगतो. पुढची सारी खोली त्या खुणेपासून मोजली जाते. जलवाहिनीला १०० मीटरला १ मीटर असा उतार द्यायचा असेल, तर तोही नोंदवता येतो. मग ३० मीटर अंतरावर तळ ३० सेंटीमीटर खाली गेला पाहिजे, हे पडदा सांगतो. दुसऱ्या, महागड्या प्रकारात यंत्रावर उपग्रहांचे संकेत घेणारे अँटेना असतात आणि यंत्र जागेवरून हलले तरी आपली जागा व उंची त्याला कळते. मात्र दाट झाडी किंवा उंच भिंत यांच्या आडोशाला ते संकेत क्षीण होतात.

आकडा कोठे चुकतो?

पडद्यावरचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत असतो, म्हणून तो खरा वाटतो. प्रत्यक्षात यंत्रणा काही गोष्टी गृहीत धरून हिशेब करते. गृहीत बदलले की आकडाही फसतो.

पहिले कारण शून्याची खूण. साध्या प्रकारच्या यंत्रणेत पोकलेन साखळीपट्ट्यांवर पुढेमागे सरकले, की घेतलेला शून्य रद्द समजावा. यंत्र एका वीतभर उंचवट्यावर चढले, तरी यंत्रणेला ते कळत नाही. ती जुन्याच हिशेबाने बोलत राहते. प्रत्येक हालचालीनंतर बकेट पुन्हा खुणेवर टेकवणे किंवा लेझरची पातळी पकडणे, हाच उपाय होय.

दुसरे कारण कोनातील चूक. सेन्सरची पट्टी सैल झाली, तिला दगड लागला किंवा सांध्याच्या पिना झिजल्या, तर कोन चुकतो. केबिनजवळच्या सांध्यापासून बकेट ९ मीटर लांब असताना बूमच्या कोनात अवघ्या एका अंशाची चूक झाली, तर खोलीत सुमारे १६ सेंटीमीटरचा फरक पडतो. अर्ध्या अंशाने ८ सेंटीमीटर. जुन्या जलवाहिनीला धक्का लागण्यास एवढे पुरे आहे.

तिसरे कारण बकेटचे दात. आपल्या भागातील काळ्या पाषाणावर दात लवकर झिजतात. दात ४ सेंटीमीटर झिजले आणि यंत्रणेला सांगितले नाही, तर पडद्यावर २ मीटर दिसते तेव्हा प्रत्यक्ष खोदाई १.९६ मीटर झालेली असते. याच्या उलट प्रकार अधिक घातक. झिजलेल्या दातांवर यंत्रणा जुळवली आणि नंतर नवे लांब दात बसवले, तर यंत्र पडद्यापेक्षा खोल जाते. बकेट बदलल्यावर पडद्यावरही तीच बकेट निवडली आहे ना, हे पाहावे.

यावर साधी रोजची परीक्षा आहे. कामाला सुरुवात करण्यापूर्वी जमिनीत एक पक्का बिंदू निवडावा. आर्म लांब करून, उभा धरून आणि जवळ घेऊन, अशा तीन स्थितींत दात त्याच बिंदूवर टेकवावेत. तिन्ही वेळा खोलीचा आकडा यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत सारखाच आला पाहिजे. आला नाही, तर त्या दिवशी पडद्यावर विश्वास ठेवू नये. आधी यंत्रणा जुळवून घ्यावी. ही परीक्षा पाच-दहा मिनिटांची आहे.

यंत्रणेला काय कळत नाही?

यंत्रणा अचूक जुळवली, तरी तिला एवढेच कळते की दातांचे टोक कोठे आहे. मातीत काय आहे, भिंत तग धरील की नाही, बकेटच्या आड कोण उभे आहे, यांतील काहीही तिला ठाऊक नसते.

आपल्या भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली पाषाण, असा थर साधारणपणे आढळतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. सकाळी ताठ दिसणारी चराची भिंत दुपारच्या एका सरीनंतर सरळ खाली बसू शकते. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत माती आली, तरी तिच्या दाबाखाली श्वास घेता येत नाही. डोके बाहेर असूनही माणूस दगावू शकतो.

म्हणून केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या कंत्राटांना जोडलेल्या सुरक्षा संहितेत काही मापे दिली आहेत. ती प्रत्येक पर्यवेक्षकाला पाठ असावीत. चर १.५ मीटर किंवा अधिक खोल असेल, तर त्याच्या बाजूंना पायऱ्या वा उतार द्यावा, नाहीतर फळ्या-टेकूंचा भक्कम आधार द्यावा. १.२ मीटर किंवा अधिक खोलीच्या चरात दर ३० मीटर लांबीमागे निदान एक शिडी असावी आणि ती जमिनीच्या वर किमान ९० सेंटीमीटर यावी. खोदलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तेवढी दूर टाकावी. खालून पोखरून वरचा भाग पाडू नये. पडद्यावर १.५ हा आकडा दिसला, की पुढचा प्रश्न भिंतींच्या आधाराचा असला पाहिजे. यंत्रणेचा असा उपयोग केला, तर ती खरोखर जीव वाचवील.

जमिनीखालच्या वाहिन्यांचेही तसेच. विजेची केबल, दूरध्वनीची तार, नळयोजनेची जुनी वाहिनी या पडद्यावर दिसत नाहीत. खोदण्यापूर्वी ग्रामपंचायत व संबंधित खात्यांकडून माहिती घ्यावी, जुन्याजाणत्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विचारावे, संशयाच्या जागी आधी हाताने परीक्षा-खड्डा घ्यावा. खोलीचा इशारा देणारी घंटा वाहिनीच्या बऱ्याच वर लावावी. डोक्यावरच्या वीजतारांसाठी काही यंत्रणांत उंचीचाही इशारा असतो. तो लावावा, पण तारेखाली काम करण्याचा तो परवाना समजू नये.

कामावर पाळावयाचे नियम

ऑपरेटर, हेल्पर व पर्यवेक्षक यांच्यासाठी काही नियम आम्ही येथे एकत्र देत आहोत.

१. बकेटच्या टप्प्यात व यंत्राच्या फिरण्याच्या वर्तुळात कोणीही उभे राहू नये. यंत्राचा मागचा भाग फिरताना भिंत किंवा टिप्पर यांच्यामध्ये माणूस सापडू शकतो.

२. सेन्सर पुसणे, लांबी मोजणे, दात बदलणे ही कामे बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून व सुरक्षा-लिव्हर लावूनच करावीत. अधांतरी बकेटखाली हात घालू नये.

३. काही यंत्रणा ठरलेली खोली आली, की बूम आपोआप उचलतात किंवा थांबवतात. अशा यंत्रावर बसण्यापूर्वी ही स्वयंचलित सोय चालू आहे की बंद, हे ऑपरेटरने पाहावे आणि जवळच्यांना सांगावे.

४. सेन्सरची पट्टी वेल्डिंगने बसवायची असेल, तर आधी बॅटरीची जोडणी व सेन्सर काढून ठेवावेत.

५. पडद्याकडे नजर खिळवू नये. वाचन घ्यावे आणि पुन्हा चराकडे पाहावे. इशारा देणारा माणूस एकच असावा आणि तो दिसेनासा झाला, की यंत्र थांबवावे.

६. दिवसातून काही वेळा लेव्हल यंत्राने खोली पडताळावी. गज शक्यतो काठावरूनच खाली सोडावा. माणसाला उतरावेच लागले, तर आधी बाजूंना आधार द्यावा, बकेट दूर टेकवावी, इंजिन बंद करावे.

७. पाऊस पडून गेल्यावर, काठावर भेग दिसल्यावर किंवा तळाशी पाणी झिरपू लागल्यावर चरात कोणीही उतरू नये. पर्यवेक्षकाने भिंती तपासून परवानगी दिल्यावरच काम पुढे न्यावे.

विचारण्याचा अधिकार

हे नियम महाग नाहीत. सेन्सरची यंत्रणा लहान ठेकेदाराला महाग वाटेल. पण शिडी, फळ्या, दूर टाकलेली माती आणि बंद केलेले इंजिन यांना फारसा खर्च येत नाही. अडचण असते ती घाईची आणि ‘आजवर काही झाले नाही’ या समजुतीची. नवी यंत्रणा त्या समजुतीत भर घालू शकते. ‘आता सेन्सर आहे, काळजी कशाला?’ असे कोणी म्हणू लागले, तर यंत्रणा आली नसती तरी बरे, असे म्हणण्याची पाळी येईल.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीची तरतूद झाली, ती याच काळात. मजुराचे कल्याण मालकाच्या दयेवर न सोडता कायद्यात आणण्याची ही वाट होती. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्रीय कायदा झाला, तो याच वाटेवरचा. परंतु कायदा कामावर पोचतो तो माणसांच्या तोंडून. चरात उतरण्यापूर्वी ‘बाजूंना आधार दिला आहे का?’ असे विचारण्याचा अधिकार प्रत्येक मजुराला आहे आणि उत्तर मिळेपर्यंत काठावर उभे राहण्यात कसलाही कमीपणा नाही.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे केबिनमध्ये बसतात, त्यांच्याकडून आमची एक अपेक्षा आहे. पडद्यावरची खोली वाचता येणे ही विद्या आहे. ती ज्याला आली, त्याने खाली उभ्या असलेल्या माणसाच्या वतीनेही ती वापरावी. त्या माणसाला पडदा दिसत नाही. चर किती खोल झाला, भिंत किती उंच झाली आणि आता बाहेर येण्याची वेळ झाली आहे, हे त्याला ऑपरेटरनेच सांगितले पाहिजे.